आडव्या बाटलीचं मतदान: सह्यांची अट कमी करायची की मोजायची रीत बदलायची?

एका ताईंचा प्रश्न असा आहे: "आमच्या गावात देशी दारूचं एक दुकान आणि एक बिअर शॉपी आहे. ती बंद करण्यासाठी गावात मतदान घ्यावं म्हणून बचत गटांतल्या बायकांनी फिरून महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांहून जास्त सह्या गोळा केल्या. पडताळणीत त्यातल्या बऱ्याच बाद झाल्या, आकडा २५ च्या खाली गेला आणि मतदानच झालं नाही. आता आम्ही आमदारांना निवेदन देणार आहोत की ही अट १० टक्क्यांवर आणा. ही मागणी बरोबर आहे का? अजून काय मागावं?"

ताई, आधी थेट उत्तर देते, कारणं मागून सांगते. २५ ची अट १० वर आणा ही मागणी पहिली ठेवू नका. गावांपुरती तर मी ती ठेवणारच नाही. तुमच्याकडे जे घडलं त्याचं मूळ सह्यांच्या आकड्यात नाही, सह्या तपासण्याच्या रीतीत आहे. आणि समजा सगळ्या सह्या टिकल्या असत्या, तरी पुढे मतदानात गाव अडकलं असतं अशी मला दाट शंका आहे, कारण तिथली अट याहून कितीतरी अवघड आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नियम बदलायचे तर या दोन जागी बदलायला हवेत.

मी तालुक्याच्या गावी वकिली करते. दारू दुकानांविरुद्ध निवेदन देणाऱ्या गावांना कागदपत्रं तयार करून देणं, पडताळणीला सोबत जाणं, मतमोजणीला बसणं, पुढे दुकानमालक कोर्टात गेला तर तिथे उभं राहणं, हे काम बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे खाली जे लिहिते ते त्या कामातून आलेलं आहे. मी काम केलं ते मुख्यतः गावांत. शहरातल्या प्रभागांचं गणित वेगळं असतं, आणि पेसा लागू असलेल्या आदिवासी गावांत तर १९९६ च्या त्या कायद्यानं दारूबंदी लागू करण्याचा किंवा विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिला आहे. तुमचं गाव तशा क्षेत्रात असेल तर आधी तो रस्ता बघा.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली राज्य सरकारनं २००८ साली एक आदेश काढला. त्यानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली की जिल्हाधिकारी त्या सह्यांची पडताळणी करून घेतात. सह्या खऱ्या ठरल्या तर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. वाचता न येणाऱ्या बाईलाही शिक्का कुठे मारायचा ते कळतं. भारतात सामान्य नागरिकांनी सह्या गोळा करून सरकारला मतदान घ्यायला लावावं अशी सोय फार थोड्या विषयांत आहे. त्यातली ही एक, आणि तीही बायकांच्या मतावर निकाल ठरवणारी. म्हणूनच तिचे नियम नीट असावेत यासाठी इतका जीव तुटतो.

आता मतदानाची अट बघा. आडव्या बाटलीला उभ्या बाटलीपेक्षा जास्त मतं पडून भागत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूला जातं.

आकडे मांडून दाखवते. समजा गावाच्या यादीत १,२०० बायकांची नावं आहेत. त्यातल्या काही वारल्या आहेत, काही मुली लग्न होऊन गेल्या पण नाव माहेरीच राहिलं, काही कुटुंबं पुण्या-मुंबईला आहेत, काही ऊसतोडीला गेली आहेत. अशी २५० नावं धरा. माझ्या अनुभवात हा अंदाज जास्तीचा नाही. मतदानाच्या दिवशी गावात खरोखर ९५० बायका आहेत. त्यातल्या ७० टक्के बाहेर पडल्या, म्हणजे ६६५. आणि त्यातल्या ८० टक्क्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, म्हणजे ५३२. उभ्या बाटलीला १३३. चौपट मतांनी गाव दुकानाविरुद्ध गेलं, आणि तरीही दुकान चालू राहिलं, कारण लागणारा आकडा होता ६०१. या गावात जिंकायचं तर मत द्यायला आलेल्या दर दहा बायकांपैकी नऊ जणींहून जास्त बायका आडव्या बाटलीच्या हव्यात.

दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीला आपण ही फूटपट्टी लावत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. तेवढ्या मतदानात एखाद्या उमेदवाराला नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवायची, तर पडलेल्या मतांपैकी ७६ टक्के मतं त्याच्या वाट्याला यावी लागतील. सरपंच, आमदार, खासदार यांना ही अट नाही. गावातल्या बायकांनी एक परवाना बंद करायचा म्हटलं की मात्र ती आहे.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे, आणि मतमोजणीच्या कागदावर ती दिसत नाही. न येणारीचं मत दुकानाच्या खात्यात जात असेल, तर दुकानाच्या बाजूच्या माणसांना प्रचार करायची गरजच उरत नाही. बायकांना घरी बसवलं की काम झालं. मग गावात असं वातावरण तयार होतं की जी बाई त्या दिवशी शाळेच्या खोलीकडे चालत निघाली, ती दुकानाविरुद्धच निघाली. तिनं आत जाऊन कुठे शिक्का मारला हे कुणी पाहायची गरज नाही, तिचं घराबाहेर पडणंच तिचं मत सांगून टाकतं. कायद्यानं मतदान गुप्त ठेवलं आणि मोजण्याच्या रीतीनं ते उघडं पाडलं. नवरा रोज त्या दुकानात जाणारा असेल, किंवा घर दुकानमालकाच्या शेतावर मजुरीला असेल, तर त्या बाईसाठी ही बाब किती अवघड आहे हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. उलट, पडलेल्या मतांतून निकाल लागणार असता तर उभ्या बाटलीच्या बाजूनंही माणसांनी बायका आणल्या असत्या, रांगेत दोन्हीकडच्या उभ्या राहिल्या असत्या, आणि कोण कुणाची हे कळलं नसतं. गुप्ततेसाठी नुसता पडदा पुरत नाही, रांगेत सगळ्यांनी असावं लागतं.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. इटलीत ५ लाख नागरिकांच्या सह्यांवर एखादा कायदा रद्द करण्यासाठी सार्वमत मागता येतं. ५ लाख म्हणजे तिथल्या मतदारांच्या जेमतेम एक टक्का, म्हणजे सुरुवात आपल्यापेक्षा खूपच सोपी. पण निकाल ग्राह्य धरायला एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मतदान करावं लागतं. परिणाम काय झाला? विरोध करणाऱ्या पक्षांनी 'विरोधात मत द्या' म्हणायचं सोडून 'घरी बसा' म्हणायला सुरुवात केली. २०११ मध्ये पाणी आणि अणुऊर्जेच्या प्रश्नांवर ती अट पार झाली, पण त्याआधीची अनेक वर्षं एकही सार्वमत पार पडलं नव्हतं. जून २०२५ मध्ये कामगार कायदे आणि नागरिकत्वावरचे पाच प्रश्न एकदम मतदानाला आले आणि मतदान ३० टक्क्यांच्या आसपास झाल्यानं पाचही बाद ठरले. सह्यांची अट सोपी करून मतदानाची अट तशीच ठेवली तर काय होतं, हे तिथे दिसतं. तुमच्या '१० टक्के करा' या मागणीवर मी थांबले ती याच कारणानं. तुम्ही १० टक्क्यांवर मतदान मिळवाल आणि ५० वर हराल. हरलेल्या मतदानानंतर त्या गावात पुन्हा बायकांना उभं करणं फार कठीण जातं. पहिल्यांदा सही करणाऱ्या बाईला शेजारचे सांगतात, झालं ना मतदान, गावाला दुकान हवंच आहे.

मग मागायचं काय? पडलेल्या मतांपैकी बहुमत, आणि त्याला एक किमान आकडा. किमान आकडा नसावा असंही काही जण म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये सार्वमताला हजेरीची कुठलीही अट नाही. पण तिथे वर्षातून साधारण चार वेळा मतदान होतं, घरी टपालानं मतपत्रिका येते, लोकांना सवय आहे. आपल्याकडे अचानक एका कामाच्या दिवशी मतदान लागलं आणि १,२०० पैकी शंभर बायकांनी येऊन निकाल लावला, तर तो निकाल गावात टिकणार नाही आणि कोर्टातही त्याला धक्का लागू शकतो. मला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची रीत पटते. तिथे नागरिकांनी आणलेला कायदा मंजूर व्हायला त्या प्रश्नावर बहुमत लागतं, आणि शिवाय त्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतपत्रिकांच्या किमान ३० टक्के मतं बाजूनं लागतात. यातली चांगली गोष्ट ही की अट 'किती जण आले' यावर नाही, 'बाजूनं किती मतं पडली' यावर आहे. घरी बसून ती हाणून पाडणं अवघड जातं.

आपल्यासाठी मी अशी मांडणी सुचवेन: आडव्या बाटलीला उभ्या बाटलीपेक्षा जास्त मतं, आणि ती मतं यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या किमान एक तृतीयांश. वरच्या उदाहरणात १,२०० चा एक तृतीयांश म्हणजे ४००. आडव्या बाटलीला ५३२ मतं पडली, गाव जिंकलं. आणि ज्या गावात खरंच फारसं कुणाला दुकान बंद करायचं नाही, तिथे ४०० मतं जमणार नाहीत, तेही योग्यच. एक तृतीयांशच का, ३० किंवा ३५ टक्के का नाही, यावर चर्चा होऊ शकते. त्या आकड्यासाठी मी हट्ट धरणार नाही. घरी बसलेल्या बाईचं मत दुकानाला मोजू नका, यासाठी मात्र धरेन.

आता सह्यांकडे येते, कारण तुमची जखम तिथली आहे.

सह्या बाद होण्याची कारणं मी पाहिलेल्या गावांत जवळपास सारखीच निघाली. यादीत 'शांता मारुती' आणि सही 'शांताबाई' अशी. यादीत माहेरचं नाव, सही सासरच्या नावानं. अंगठा आहे पण शेजारी साक्षीदाराचं नाव नाही. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिलेला नाही, म्हणून शोधता आलं नाही. एकीची सही दोन कागदांवर. आणि एक कारण असं आहे की त्यावर आपण आपल्याच बायकांशी स्पष्ट बोलायला हवं: सासूनं सुनेची सही केली, किंवा गटाच्या अध्यक्षबाईंनी 'ती हो म्हणालीच आहे' म्हणून तिच्या नावापुढे स्वतःच सही ठोकली. हेतू चांगला असतो, पण कायद्याच्या नजरेत ती खोटी सही आहे, आणि अशा चार सह्या सापडल्या की उरलेल्या चारशेंवर संशय येतो. ज्या बाईला शेतातून यायला उशीर होईल तिच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. कुणाची सही कुणी करायची नाही.

पण सगळ्यात जास्त सह्या बाद होतात त्या यातल्या कशानंही नाही. पडताळणीला हजर न राहिल्यानं होतात. तुमच्याकडेही तेच झालं असणार असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. सही केलेल्या बायकांना ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ओळखपत्र घेऊन बोलावलं जातं, 'ही सही तुमचीच का' विचारलं जातं. वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या वेळेत बाई खुरपणीला असते, तिची दिवसाची मजुरी बुडते. बाहेर दुकानाची माणसं उभी असतात. आत तपासणाऱ्यांत राज्य उत्पादन शुल्क खात्याचे लोक असतात. मी कुणा एका अधिकाऱ्याच्या हेतूबद्दल बोलत नाही, चांगली माणसंही मी तिथे पाहिली आहेत. पण ज्या खात्याचं काम दारूपासूनचा महसूल गोळा करणं आहे, त्याच खात्यानं दुकान बंद करण्याच्या सह्या तपासायच्या, ही रचनाच चुकीची आहे. हे काम तहसीलदारांच्या निवडणूक शाखेकडे हवं. मतदार यादी त्यांच्याकडेच असते, बीएलओ, म्हणजे गावात मतदार यादीचं काम पाहणारे कर्मचारी, त्यांचेच असतात.

आणि प्रत्येक बाईला बोलावण्याची गरजही नाही. इतरत्र हे काम वेगळ्या रीतीनं होतं. स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवरच्या मागणीसाठी १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात. प्रत्येक कागदावर एकाच गावाच्या मतदारांच्या सह्या असतात, तो कागद त्या गावाच्या कार्यालयात जातो, तिथला कर्मचारी नोंदवहीशी नावं ताडून पाहतो आणि किती सह्या वैध ते लिहून देतो. सही करणाऱ्याला कुणी बोलावत नाही. कॅलिफोर्नियात सह्या लाखांत असतात, म्हणून आधी नमुना काढतात: एकूण सह्यांच्या ३ टक्के किंवा ५००, यांपैकी जो आकडा मोठा तेवढ्या सह्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तपासतात. त्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर मागणी मंजूर, ९५ टक्क्यांच्या खाली गेला तर नामंजूर, आणि मधे राहिला तरच सगळ्या सह्या एकेक करून तपासायच्या. गावातल्या तीन-चारशे सह्यांना नमुन्याची गरज नाही, त्या सगळ्या तपासून होतात. पण महापालिकेच्या प्रभागात जिथे सह्या हजारांत जातात तिथे ही रीत वेळ आणि त्रास दोन्ही वाचवेल.

आपल्यासाठी मधला मार्ग असा: आधी यादीशी ताडून पाहा. जिथे नाव, क्रमांक, सही यांत शंका असेल तेवढ्याच बायकांकडे बीएलओनं आणि एका महिला कर्मचाऱ्यानं घरी जावं, सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर. बाद केलेल्या प्रत्येक सहीपुढे कारण लिहावं. आणि कमी पडलेल्या सह्या भरून काढायला मुदत द्यावी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सह्या अपुऱ्या ठरल्या तर मागणी करणाऱ्यांना आणखी १० दिवस मिळतात. तेवढी मुदत तुम्हाला मिळाली असती तर तुमच्या गावचं मतदान कदाचित झालं असतं.

पडताळणी ढिली करा असं मी म्हणत नाही, हे इथेच स्पष्ट करते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडसारख्या देशातही पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्यांनी खोट्या सह्या घुसवल्याचं प्रकरण वर्तमानपत्रांनी बाहेर काढलं आणि तिथे मोठी खळबळ उडाली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं तर २००२ सालीच दर सहीमागे पैसे देण्यावर बंदी घातली. आपल्याकडे सह्या गोळा करणाऱ्या बायका स्वतःची चप्पल झिजवतात, पैशाचा प्रश्न येत नाही. पण उद्या एखाद्या परमिट रूमच्या मालकानं शेजारच्या देशी दुकानाविरुद्ध सह्या जमवायला माणसं लावली, तर? म्हणून पडताळणी कडकच असावी. शिवाय कोर्टात दुकानमालक पहिला घाव सह्यांवरच घालतो. तपासणी नीट झालेली असेल, कागदोपत्री कारणं नोंदलेली असतील, तर जिंकलेलं मतदान वाचतं.

सह्यांच्या कागदांची गुप्तता ही मागणी निवेदनांत मला क्वचितच दिसते, पण बायकांशी बोललं की तीच पहिली निघते. कागद कार्यालयात जमा झाले की काही दिवसांत नावं दुकानापर्यंत पोचतात. मग कुणाच्या नवऱ्याची उधारी बंद होते, कुणाला रस्त्यात गाठून 'तुझीपण सही आहे म्हणे' असं विचारलं जातं, आणि पडताळणीच्या वेळी ती बाई 'माझी सही नाही' म्हणून मोकळी होते. तिला दोष देता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये एकदा जमा केलेल्या सह्यांच्या याद्या कुणालाही पाहायला मिळत नाहीत. आपल्या आदेशातही तसं स्पष्ट कलम हवं: दुकानमालकाला बाद आणि वैध सह्यांची संख्या कळेल, नावं कळणार नाहीत. त्याला एखाद्या सहीवर खरोखर आक्षेप असेल तर कोर्ट ते कागद बंद पाकिटात मागवू शकतं.

ऑनलाइन सह्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. इटलीत २०२४ मध्ये सरकारी संकेतस्थळावरून काही दिवसांत ५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. आपल्या गावांत मात्र आधारला जोडलेला मोबाइल बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ओटीपी त्याच्या हातात येणार. शहरात हा पर्याय जरूर द्यावा, गावात कागदच बरा.

आता २५ टक्क्यांचं. वरच्या देशांच्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे, हे खरं. स्वित्झर्लंडचे १ लाख म्हणजे तिथल्या मतदारांच्या दोन टक्क्यांहूनही कमी. कॅलिफोर्नियात साध्या कायद्यासाठी गेल्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के पुरतात. पण ते राज्याचे आणि देशाचे आकडे आहेत. बाराशे बायकांच्या गावात ३०० सह्या म्हणजे पंधरा जणींनी प्रत्येकी वीस घरं करायची. तेवढी फिरती झाली की कोणती वस्ती सोबत आहे, कुठे भीती आहे, कुठल्या घरात बोलायला कुणाला पाठवायचं, हे कळतं. त्या फिरण्यातूनच मतदानाच्या दिवशी बायकांना घराबाहेर काढणारी फळी तयार होते. गावात ही अट ठेवावी असं माझं मत आहे, खाली आणायचीच तर २० च्या खाली नको. शहरी प्रभागात मात्र मी तुमच्या १० टक्क्यांच्या बाजूनं आहे. तिथे हजारो बायकांची यादी असते, इमारतींचे दरवाजे बंद असतात, शेजारीण ओळखत नाही. तिथली २५ टक्के ही अट म्हणजे नकारच आहे.

मतदानाचा दिवस आणि मुदत यावर थोडंच लिहिते, पण निवेदनात ते असू द्या. निवेदन दिल्यापासून पडताळणी किती दिवसांत आणि मतदान किती दिवसांत, याला ठरावीक मर्यादा हवी. लांबण लागली की दबाव वाढतो. मतदान सुट्टीच्या दिवशी हवं, ऊसतोडीच्या हंगामात नको, आणि वाड्यावस्त्या लांब असतील तर मतदानाची खोली एकच नको.

हे सगळं बदलायला विधिमंडळात नवा कायदा करावा लागेल असं समजू नका. मूळ अट शासनाच्या आदेशात आहे, ती शासनालाच दुरुस्त करता येते. म्हणून आमदारांकडे नुसतं 'न्याय द्या' असं निवेदन न देता, आदेशातल्या कोणत्या अटीऐवजी कोणता मजकूर हवा ते लिहून द्या. त्यांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावायला सांगा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, तिच्यापुढे अर्ज नेता येतो. माझ्या लेखी मागण्यांचा क्रम असा राहील: पडलेल्या मतांत बहुमत आणि यादीच्या एक तृतीयांश मतांचा किमान आकडा, पडताळणी उत्पादन शुल्क खात्याकडून काढून तहसीलदारांकडे आणि गरज असेल तिथे घरी जाऊन, बाद सहीचं लेखी कारण आणि दुरुस्तीला १० दिवस, सह्यांची गुप्तता, मुदती, आणि शेवटी शहरी प्रभागांसाठी १० टक्के.

आदेश बदलेपर्यंत तुमच्या गावानं थांबू नये. आत्ताच्या नियमांतही दोन गोष्टी करता येतात.

पहिली, यादी स्वच्छ करा. ५० टक्के मोजले जातात ते यादीवर, आणि गावाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. घरात कुणी वारलं असेल तर त्या घरातल्यानंच नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरून बीएलओकडे द्यावा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८ भरून ते इकडे आणावं, अजून नाव नसलेल्या मुलींसाठी नमुना ६ आहे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा पूर्ण होणाऱ्यांना नोंदणी करता येते. प्रत्येक घरानं आपापलाच अर्ज करावा. दुकानाच्या बाजूच्या बायकांची नावं काढायचा विचारही कुणाच्या मनात येऊ देऊ नका. तो अन्याय आहे, आणि खोटं निवेदन करणं हा गुन्हाही आहे. वरच्या उदाहरणात २५० पैकी निम्मी नावं जरी योग्य रीतीनं कमी झाली, तरी लागणारा आकडा ६०१ वरून ५३८ वर येतो. ५३२ मतं पडणाऱ्या गावाला तेवढ्यासाठी फक्त आणखी एका वस्तीची साथ लागते.

दुसरी, मागच्या वेळचा हिशोब मागा. माहिती अधिकारात राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयाकडे अर्ज करा: एकूण किती सह्या आल्या, किती वैध, किती बाद, बाद होण्याची कारणनिहाय संख्या, पडताळणीच्या दिवसाची नोटीस कुणाला, कधी आणि कशी बजावली, आणि पडताळणीच्या अहवालाची प्रत. बायकांची नावं मागू नका, ती तशीही उघड होऊ नयेत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. गैरहजेरीमुळे बाद झालेल्या सह्या किती, हा आकडा त्यातून मिळाला की तो आमदारांच्या निवेदनाला जोडा आणि एक प्रत मला पाठवा. आणखी काही गावांचे असे आकडे मिळाले तर आदेशातल्या दुरुस्तीचा मसुदा मी तुम्हाला लिहून देते.